बेंगळूरला पहिल्यांदाच अ‍ॅनिमेच्या कॉन्व्हेन्शनला जायचंय, आपल्याकडचं कुणी जाऊन आलंय काय?

वडगावची_तांजिरो
सगळ्यांना नमस्कार, इथं पहिल्यांदाच लिहायलेय. वय १६, पीयूसी फर्स्ट इयर (म्हणजे अकरावी), बेळगावात वडगावला राहते. अ‍ॅनिमेचं (जपानी कार्टूनचं) वेड मामेभावाच्या मोबाईलवरनं लागलं, आता तो बसला आयटीआयला आणि मी त्याच्या चार सीझन पुढं. तर बेंगळूरला कॉमिक कॉन असतंय त्यात अर्धी गर्दी अ‍ॅनिमेवाल्यांचीच असते म्हणे, मला आणि माझ्या मैत्रिणीला (ती हिंडलग्याची) यंदा काहीही करून जायचंय. 'डेमन स्लेयर' मालिकेतली बहीण-भावाची जोडी आहे, ती नेझुको (बहीण) होणार आणि मी तांजिरो (भाऊ).

घरी सांगितलं तर आई म्हणाली पोरीच्या जातीनं पोराचं सोंग कशाला घ्यायचं. बाबा काही बोलले नाहीत, त्यांचे दोन पॉवरलूम आहेत साड्यांचे, मी तांजिरोचा फोटो दाखवला तर त्यांनी तोंड बघितलंच नाही, अंगावरचा तो हिरवा-काळा चौकडा बोटानं मोठा करून बघितला आणि म्हणाले हे छापलेलं आहे, विणलेलं न्हवं. झालं, विषय संपला. होय पण नाही आणि नाही पण नाही.

आता माझे प्रश्न, एकदम सगळे विचारते. दोघी १६ च्या, एकट्या जाऊ देत नाहीत हे नक्की, मग कुणाला न्यावं? गाडी कुठली, राहायचं कुठं? माझ्याजवळ साठवलेले साडेचार हजार आहेत, त्यात होईल काय? ड्रेस ऑनलाईन बघितला तर कापड कसलं येईल सांगता येत नाही, बाबांना तर बघूनच राग येईल. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त भीती ही की तिथं सगळी बेंगळूरची इंग्लिश मीडियमची पोरं असणार, मी मराठी शाळेतली, इंग्लिश वाचते फाडफाड पण बोलायची वेळ आली की जीभ चिकटते. आत जाऊन नुसतं एका कोपऱ्यात उभं राहायचं असलं तर एवढ्या लांब कशाला जायचं असं पण वाटतंय.

चौकातला_गोजो
आधी फोटो टाक की तांजिरोचा, मग बोलू 😂

टिळकवाडी_ते_व्हाईटफिल्ड
अगं भारी! मी मूळची टिळकवाडीची, नोकरीला बेंगळूरला आहे, चार वेळा जाऊन आले तेव्हा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बस.

गाडी. रात्रीची पकड, सकाळी पोचतेस आणि एका रात्रीचं राहणं वाचतं. राणी चन्नम्मा आहे, ती भरली तर बेळगाव-बेंगळूर सुपरफास्ट आहे. गंमत बघ, चन्नम्मात बसायचं आणि उतरायचं संगोळ्ळी रायण्णा स्टेशनवर (बेंगळूरचं मुख्य स्टेशन), दोन्ही नावं आपल्या बेळगावकडच्या वीरांची, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातनं निघून आपल्याच जिल्ह्यात उतरल्यासारखं 😄 स्लीपरनं जाऊन-येऊन हजाराच्या आत होतंय. वंदे भारत पण सुरू झालीय २०२५ च्या ऑगस्टपासून, पण ती पहाटे निघून दुपारी पोचवते, म्हणजे तुझा अर्धा दिवस गाडीतच गेला, आणि तिकीटही महाग. बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होतं, त्यामुळं तारीख जाहीर झाली की कॅलेंडरवर खूण कर, वीकेंडला जागा पटापट जातात.

कॉनची जागा गेली काही वर्षं व्हाईटफिल्डला केटीपीओच्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये असते. स्टेशनच्या बाहेरच मेट्रो आहे, पर्पल लाईन, गाडी न बदलता थेट व्हाईटफिल्डकडं जाते, २०२३ च्या ऑक्टोबरात सगळा पट्टा सुरू झाल्यापासून हे सोपं झालंय. त्याआधी मी एकदा रिक्षानं गेलेले, तेवढ्या वेळात आपण बेळगावहनं कोल्हापूर गाठतो. मेट्रोला पण तास-सव्वातास धर. आणि हो, ड्रेस घालून मेट्रोत बसायला लाजू नको, त्या दिवशी त्या लाईनवर प्रत्येक डब्यात एकदोन निन्जा असतातच.

कॉनचं तिकीट ऑनलाईनच काढायचं, दारात मिळेल म्हणून जाऊ नको. शनिवार आणि रविवारचं वेगवेगळं असतं, तुम्ही शनिवार घ्या म्हणजे रात्रीच्या गाडीनं परत आणि रविवारी घरी झोप. तिकिटाबरोबर एखादं कॉमिक, पोस्टर वगैरे मिळतं ते घ्यायला विसरायचं नाही, पहिल्या वर्षी मी गर्दीला घाबरून तो काऊंटरच टाळला आणि नंतर हळहळत बसले.

आत काय असतं म्हणशील तर एका बाजूला मोठे स्टॉल, फिगर (पात्रांच्या छोट्या मूर्ती), टीशर्ट, मांगा (जपानी कॉमिक). तिथं हात आवरून. बऱ्याच फिगर नकली असतात, डबा हातात घेऊन बघ, रंग ओठाच्या बाहेर गेलेला असला की समजायचं. त्यापेक्षा आर्टिस्टांची गल्ली असते, छोटी छोटी टेबलं, पोरं स्वतः काढलेले प्रिंट, स्टिकर, बॅज घेऊन बसलेली असतात, पन्नास-शंभरात छान वस्तू मिळते आणि ज्यानं काढलंय त्याच्याशी बोलायला मिळतं. मला विचारशील तर अर्धा दिवस तिथंच घालव. स्टेजवर बँड, कॉमेडी असलं चालू असतं, ते मी पास करते. संध्याकाळी कॉस्प्लेची (पात्राचं सोंग घ्यायची) स्पर्धा, त्यात अ‍ॅनिमे-मांगाची वेगळी कॅटेगरी असते.

खायचं आत महाग, रांग त्याहून मोठी. सकाळी बाहेर पोटभर खाऊन आत जा.

आता भाषेचं. अगं तिथं कुणी कुणाचं इंग्लिश तपासत नाही. तुझ्या अंगावर तांजिरो असला की समोरचा 'तांजिरोऽऽ' म्हणून ओरडतच येणार, तुला फक्त पोज द्यायचीय. आणि कन्नड येतंय ना थोडं? आपली बेळगावची कन्नड बोललीस की बेंगळूरवाले पहिल्यांदा हसतात, मग विचारतात कुठली तू, आणि ओळख होते. माझ्या तिथल्या दोन पक्क्या मैत्रिणी अशाच झाल्यात.

फोटोचं मात्र नीट ऐक. कुणीही तुझा फोटो काढायच्या आधी विचारायला पाहिजे, तू पण विचारायचं. खांद्यावर हात ठेवू काय म्हणून विचारलं तर नको म्हणायला संकोच करू नको, हसून नको म्हण आणि पुढं चल. न विचारता कुणी विगला, अंगाला हात लावला तर आवाज चढवायचा, आणि गळ्यात कार्ड घातलेले व्हॉलंटियर सगळीकडं असतात त्यांना सरळ सांगायचं. तुझं वय, शाळा, कुठं उतरलीस हे इन्स्टा मागणाऱ्या प्रत्येकाला सांगायची गरज नाही. मोठी बहीण म्हणून सांगतेय.

स्पष्टवक्ता_बेळगावकर
राग मानू नका पण पीयूसीचं वर्ष आहे. साडेचार हजारात सीईटीची पुस्तकं येतील. जपानी कार्टूनचे कपडे घालून फिरायला पाचशे किलोमीटर जायचं, ह्यात काय मिळणार? आपली संस्कृती सोडून हे फॅड.

टिळकवाडी_ते_व्हाईटफिल्ड
@स्पष्टवक्ता पुस्तकं फर्स्ट इयरलाच घेऊन ठेवलीत तिनं असं धरून चालू 🙂 फॅड म्हणाल तर टोकियोत १९७५ साली कोमिकेत (स्वतः काढलेल्या कॉमिकांचा मेळावा) सुरू झालं तेव्हा ३२ गट आणि सातशेच्या आसपास माणसं होती, आज त्याच मेळाव्याला लाखांनी जातात. पन्नास वर्षं टिकतंय ते फॅड कसलं. आणि संस्कृतीचं तुम्हीच सांगा, शिवजयंतीच्या चित्ररथावर रात्रभर दाढी चिकटवून अफजलखान होऊन उभा राहतो तो काय करूलालाय मग?

स्पष्टवक्ता_बेळगावकर
ती गोष्ट वेगळी. तो इतिहास आहे.

चौकातला_गोजो
काका तुम्ही कुठल्या गल्लीच्या चित्ररथात होता ते सांगा आधी 😂😂

स्पष्टवक्ता_बेळगावकर
...मावळा होतो. तीन वर्षं. पण ती गोष्ट वेगळी.

धोटा_आणि_धागा
कापडाचं मी सांगतो, आमचं पण घर मागावरचंच. तुझे बाबा बरोबर बोलले, आणि ते चिडलेत असं मला वाटत नाही, विणकराला कापड दिसलं की दुसरं काही दिसत नाही.

बघ, साध्या मागावर चौकडा काढायचा म्हणजे ताण्यात (उभ्या धाग्यात) हिरवा-काळा पट्टा आणि बाण्यात (आडव्या धाग्यात) पण हिरवा-काळा पट्टा. हिरव्यावर हिरवा आला तिथं हिरवा चौकोन, काळ्यावर काळा आला तिथं काळा, पण हिरव्यावर काळा जातो तिथं मिसळून तिसराच मळकट रंग येतो. म्हणजे लुंगी. तांजिरोचा चौकडा भरीव आहे, बुद्धिबळाच्या पटासारखा, दोनच रंग. तो विणायचा तर जॅकार्ड (मागावर नक्षी काढायचं यंत्र) नाहीतर दुहेरी कापडाचं काम, एका झग्यासाठी कोण बसवणार. जपानात ह्या नक्षीला इचिमात्सु म्हणतात, अठराव्या शतकातल्या एका काबुकी नटाच्या नावावरनं, म्हणजे नाटकातल्या माणसाच्या कपड्याची नक्कल तिथं तेव्हापासनं चालू आहे.

तुला स्वस्तातला मार्ग सांगतो. हिरवं पॉपलीन घे, सव्वातीन मीटर पुरे, पॉलिस्टर घेऊ नको रंग धरत नाही आणि घामानं जीव जातो. खडूनं चौकोन आखायचे, चार-साडेचार इंचाचे, एक सोडून एकाच्या कडेनं मास्किंग टेप लावायची, आत काळा फॅब्रिक पेंट दोन हात. पहिला हात पातळ. पूर्ण सुकल्यावर उलट्या बाजूनं इस्त्री फिरवायची, मग धुतलं तरी जात नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेव, आखायच्या आधी खांदा आणि बगल कच्च्या शिलाईनं जोडून घे, आखून झालं की उसवून रंगव. तसं नाही केलंस तर शिवल्यावर बगलेत चौकोन वरखाली येणार आणि ते आयुष्यभर दिसत राहणार.

तलवार फोमची कर. जमिनीवर अंथरायची जाड फोमची मॅट मिळते, त्याचे दोन थर फेव्हिबॉन्डनं चिकटवून ब्लेडनं कापायचे. लाकूड, लोखंड, टोकदार काही असलं की दारातच काढून घेतात, प्रत्येक वेळी नियमांचं पान निघतं ते वाचून घे. नेझुकोच्या तोंडातला बांबू खरा घेऊ नका, पेपरची सुरळी करून हिरवी रंगवा, दिवसभर दातात धरायची वस्तू आहे ती.

निपाणीचा_बाप
मी ५१ वर्षांचा, निपाणीला दुकान आहे, ह्या विषयातलं मला काडीचं कळत नाही. पण मागच्या खेपेला माझ्या पोराला (तेव्हा एसएसएलसी, म्हणजे दहावीला) घेऊन मीच गेलो होतो म्हणून लिहितो, तुझ्या बाबांना वाचायला दे.

पोरगा दोन महिने पुठ्ठे कापत बसलेला बघून मला वाटलं गेलं हे हातातनं. नाही म्हणून बघितलं, मग त्यानं जेवायचं सोडलं नाही पण बोलायचं सोडलं, ते जास्त वाईट. शेवटी म्हटलं चल, मीच येतो. मी धोतर-टोपीवालाच माणूस, तसाच गेलो. आत गेल्यावर पोरानं तलवार माझ्या हातात दिली आणि 'बाबा पाच मिनिटं धरा' म्हणून जो गेला तो गेला. मी त्या तलवारीला टेकून उभा, तर दोन पोरी आल्या आणि विचारायला लागल्या, अंकल तुम्ही कुठलं कॅरेक्टर? मी म्हटलं मी ह्याचा बाप. त्यांना वाटलं हे पण एखादं कॅरेक्टर असणार, फोटो काढून गेल्या. त्यानंतर आणखी सातआठ जणांनी काढले.

हसायचं सोडून एक सांगतो. आत गर्दीत मोबाईलला रेंज मिळत नाही. पाऊण तास माझा पोरगा मला सापडला नाही, फोन लागेना, घाम फुटला. तो कॉस्प्लेच्या रांगेत उभा होता, मजेत. तेव्हा आत शिरल्या शिरल्या एक खांब नाहीतर एक दार ठरवायचं, दर दोन तासांनी तिथं यायचं, फोन लागो न लागो. पैसे पण थोडे रोख ठेवा, रेंज नसली की स्कॅन होत नाही, मला चहासाठी दुसऱ्याकडं हात पसरायला लागला.

आणि गर्दीतली पोरं चांगली वाटली मला. एकाचा बूट तुटला तर तीन अनोळखी पोरांनी पिशवीतनं डिंक, दोरा, चिकटपट्टी काढली. आपल्या जत्रेत बूट तुटला तर लोक वरनं पाय देऊन जातात.

खानापूर_पॅसेंजर
एक छोटी टीप, विग आदल्या दिवशी तीनचार तास घालून घरात फीर. मी थेट तिथं घातला आणि दुपारी बारालाच डोकं दुखायला लागलं, उरलेला दिवस टकला झोरो ('वन पीस'मधला हिरव्या केसांचा) म्हणून फिरलो, म्हणजे माझेच केस पण झोरोचे हिरवे नाहीत ना. आणि नवे बूट अजिबात घालू नको. सेफ्टीपिना वीस तरी ने, बारा तुझ्या, आठ दुसऱ्यांच्या.

वडगावची_तांजिरो
बापरे एवढं सगळं लिहिलंत! निपाणीच्या काकांची पोस्ट बाबांना वाचून दाखवली, 'मी ह्याचा बाप' वर आई पहिल्यांदा हसली. बाबांनी धोटावाल्या दादाचं फक्त विचारलं, हा कुठल्या गल्लीचा. मी म्हटलं माहीत नाही. तर म्हणाले माणूस जाणकार आहे. उद्या खडेबाजारला पॉपलीन बघायला जायलोय, ते पण येतो म्हणालेत.

वडगावची_तांजिरो (अडीच महिन्यांनी)
विसरलात काय सगळे? जाऊन आलो!! लिहिते म्हणून आठ दिवस झाले, युनिट टेस्ट होती.

बाबा आले बरोबर. चन्नम्मा मिळाली नाही, दुसरी रात्रीची गाडी मिळाली. स्टेशनवर बॅग तपासणीत ती तलवार मशीनमधनं गेली, पोलिसमामांनी बाहेर काढून वाकवून बघितली, ती वाकली, त्यांनी परत दिली आणि कन्नडमध्ये म्हणाले नीट लढ.

आत शिरल्यावर पहिला अर्धा तास मी खरंच कोपऱ्यात उभी होते, खोटं कशाला बोलू. एवढा आवाज, एवढे लोक, सगळ्यांचे ड्रेस माझ्यापेक्षा भारी, एक तर आठ फुटाचा रोबोट चालत गेला समोरनं. माझा झगा मला एकदम घरगुती वाटायला लागला. मी कच्ची शिलाई केली नव्हती (दादा सॉरी, घाई झाली) आणि डाव्या बगलेत चौकोन दीड इंच खाली आलेत, मी तो हात अंगाला चिकटवूनच उभी. मैत्रीण मात्र तोंडात बांबू धरून बोलता येत नाही म्हणून नुसती माना डोलवत सगळ्यांबरोबर फोटो काढायलेली, ती सुटलीच. मी तिच्यामागं पळताना ओरडले, अगं थांब की गं, किती पळशील! आणि मागनं आवाज आला, बेळगावची काय गं तू? बघितलं तर काळ्या झग्यावर लाल ढगवाले ('नारुटो'मधल्या टोळीचा वेश) चौघं, दोन चिकोडीचे, एक गोव्याचा आणि एक कोल्हापूरची मुलगी. त्या 'की' वरनं ओळखलं म्हणे. पुढं सगळा दिवस आम्ही सहा जण एकत्रच होतो, इंग्लिशचा प्रश्नच आला नाही, म्हणजे आला पण तोवर भीती गेली होती, मी एका आर्टिस्ट ताईशी पंधरा मिनिटं बोलले, चुकतमाकत, तिनं मला पेन कुठलं वापरते ते पण सांगितलं.

स्पर्धेत नाव द्यायला रांगेत उभी राहिले आणि माझ्या पुढं तीन जण राहिले तेव्हा बाहेर पडले. नाही झालं धाडस. असू दे.

बाबांचं सांगते. एका बाकावर बसतो म्हणाले होते. दोन वाजता ठरलेल्या खांबाजवळ आले ते हिशेब घेऊनच, एकूण ११ तांजिरो बघितले, त्यातले आठ छापील पॉलिस्टर, दोन तुकडे जोडून शिवलेले आणि एक आपला. शिवलेल्यांपैकी एका पोराला त्यांनी उभा करून आतली शिलाई बघितली, भाषा कुठली वापरली देव जाणे, पोरगा खूश होता. माझी बगल त्यांना कापतानाच दिसली होती, म्हणाले तेव्हा सांगितलं असतं तर तू रडत बसली असतीस.

खर्च: गाडी, तिकीट, कापड-रंग, विग मिळून साडेचार हजार संपले, वर सहाशे बाबांचे, त्यातले दोनशे स्टिकरचे, ते त्यांना सांगितलेलं नाही. @खानापूर_पॅसेंजर पिना १४ वाटल्या!

आणि एक काम होतं. विग ऑनलाईन मागवताना एकाऐवजी दोन आल्या, एक कधी घातलीच नाही, तांबूस-काळी, पाकिटात आहे. कुणाला पाहिजे असली तर अर्ध्या किमतीत देईन, पण कुरिअर करणार नाही, शहापूरला येऊन घेऊन जायची.

स्पष्टवक्ता_बेळगावकर
केवढ्याला? भाचीसाठी विचारतोय.

चौकातला_गोजो
भाचीसाठी 😂😂😂